लपाछपी, मोबाइल आणि चारठाण्याची बारव

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात जुनी दगडी मंदिरे आहेत, बारव आहे. मोबाइलवर लपाछपी खेळायला यापेक्षा सुंदर जागा कुठली?

वस्तू शोधायचा खेळ हवा असेल तर जिओकॅशिंग घ्या, म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या मदतीने शोधायची. अमेरिकेने 2 मे 2000 रोजी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनात पहिली डबी लपवली. डबीत वही असते. डबी सापडली की वहीत नाव लिहायचे. मन्झी नावाच्या अशाच खेळात डबीऐवजी क्यूआर कोडचे स्टिकर असते, ते स्कॅन केले की झाले. मला वहीच आवडते, हाताला काही लागते!

माणूस शोधायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन पुरते. पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास, एवढेच पर्याय. एका डावाला पंधरा मिनिटे बास, आणि गट फक्त ओळखीच्यांचा.

उघड्यावर फोन साधारण पाच मीटरपर्यंत जागा दाखवतो. बारवेत उतरले की आभाळ आक्रसते, उपग्रहांचे संकेत दगडी भिंतींवर आपटून येतात आणि निळा ठिपका भलतीकडेच सरकतो. तिथे धप्पा डोळ्यांनीच द्यावा लागतो. पण फोनकडे पाहत बारवेच्या पायऱ्या मुळीच उतरू नका. आणि डबी मंदिराच्या दगडांच्या सांध्यात कोंबू नका, शिल्पांवर स्टिकर लावू नका. डबी गावाबाहेरच, जागामालकाला विचारून ठेवा.