अनुदान, पत आणि घरकुल

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान (१६०८) म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु गोदावरीच्या उत्तरेकडील या प्रदेशातील कोणत्याही गावाप्रमाणे तेथील मजूर कुटुंबापुढेही निवाऱ्याचा एक साधा प्रश्न उभा असतो. शासनाने घरकुल मंजूर केले, जोते बांधून झाले, भिंती खिडकीपर्यंत आल्या. आता मृग नक्षत्रापूर्वी छत पडावयाचे असेल, तर पुढील पैसा कोठून यावा? या प्रश्नाचे उत्तर देण्यात सहकारी पतसंस्थेस कोणता वाटा उचलता येईल, आणि त्या कामी अनुदानाचा उपयोग कसा करावा, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट होय. ‘पत’ या शब्दाने मराठीत अब्रू आणि उसने मिळण्याची पात्रता या दोहोंचा एकदम बोध होतो. ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात त्यास पत असते. ‘अनुदान’ या शब्दातील ‘अनु’ या उपसर्गाचा एक अर्थ ‘मागून’ असा आहे. घरकुलाच्या व्यवहारात हा अर्थ अक्षरशः खरा ठरतो. कारण अनुदानाचा बहुतेक भाग कामाच्या मागून येतो. काम आधी आणि पैसा नंतर, या दोहोंमधील अंतर ज्यास पत आहे तोच ओलांडू शकतो.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तीनुसार सपाट प्रदेशात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी १,२०,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. त्याखेरीज शौचालयासाठी १२,००० रुपये आणि योजनेच्या मूळ आखणीप्रमाणे रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची अकुशल मजुरी यांची जोड देण्यात आली. राज्य शासनाने २०२५ मध्ये आणखी ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. ही रक्कम एकरकमी मिळत नाही. बांधकामाचा एकेक टप्पा पूर्ण झाला, त्याचे स्थाननिर्देशासह छायाचित्र नोंदविले गेले, म्हणजे पुढील हप्ता लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. सरकारी पैशाचा अपव्यय टाळण्यासाठी ही पद्धती योग्यच आहे. तथापि तिच्यामुळे प्रत्येक टप्प्याचा खर्च गरीब कुटुंबास आधी स्वतः उभा करावा लागतो.

हा खर्च कसा उभा राहतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. कुटुंबाने सावकाराकडून ५०,००० रुपये दरमहा शेकडा ५ या दराने सहा महिन्यांसाठी घेतले, तर व्याज १५,००० रुपये होते. तीच रक्कम पतसंस्थेने दरसाल शेकडा १२ या दराने दिली, तर व्याज ३,००० रुपये होईल. फरक १२,००० रुपयांचा, म्हणजे शौचालयासाठी मिळणाऱ्या संपूर्ण अनुदानाइतका. शासनाने एका हाताने दिलेले साहाय्य व्याजाच्या रूपाने दुसरीकडे निघून जाते, ते असे. मराठवाड्यात यास आणखी एक वाट आहे. ऊसतोडीस जाणारे कुटुंब मुकादमाकडून अधिक उचल घेते, आणि मग घर पुरे झाले तरी त्यात राहणारी माणसे हंगामभर फडावर असतात.

पतसंस्था आणि घर यांचा संबंध महाराष्ट्रास नवीन नाही. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी मुंबईत १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था स्थापन केली आणि त्यांच्याच पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आधी परस्परांच्या पतीची सवय आणि मग सामाईक घर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मात्र तेथील सभासद बहुधा पांढरपेशा नोकरवर्गातील होते. दरमहाचा पगार हाच त्यांच्या कर्जाचा जामीन होता. जांब समर्थसारख्या गावातील शेतमजुरास असा जामीन नाही. त्याची उणीव अनुदानाने भरून काढता येते, हाच प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा होय. अनुदान ही केवळ घराची किंमत न मानता ते कर्जाचा जामीन मानावे.

हे दोन प्रकारांनी साधते. पहिल्या प्रकारात कुटुंबास मंजूर झालेला हप्ता हीच परतफेडीची हमी समजून पतसंस्था अल्पमुदतीचे कर्ज देते व हप्ता येताच ते वसूल करते. दुसऱ्या प्रकारात अनुदान कुटुंबास नव्हे, तर संस्थेच्या निधीस मिळते. समजा, असा १० लाख रुपयांचा निधी लाभला. तो प्रत्येकी ५०,००० रुपये याप्रमाणे वाटून टाकल्यास २० कुटुंबांस एकदाच लाभ होईल. सहा महिन्यांच्या मुदतीने फिरता ठेवल्यास वर्षास ४० कुटुंबांची अडचण भागेल. आणि तोच निधी बुडीत कर्जाच्या भरपाईसाठी राखून त्याच्या दसपट, म्हणजे १ कोटीची कर्जे संस्थेने आपल्या ठेवींतून दिली, तर प्रत्येकी १ लाख रुपयांप्रमाणे १०० कुटुंबांपर्यंत पोहोचता येईल. अर्थात हा हिशेब बुडीत रक्कम शेकडा १० च्या आत राहील तोवरच खरा आहे.

दसपटीची ही कल्पना अन्यत्रही आढळते. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या ‘कॅपिटल मॅग्नेट फंडा’तून अनुदान घेणाऱ्या संस्थेने त्या रकमेच्या किमान दसपट मूल्याचे काम उभे करावे, अशी अट आहे. सामुदायिक विकासाचे अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या तेथील पतसंस्थाही या निधीसाठी अर्ज करू शकतात. अनुदान हे विरजणासारखे असावे, थोड्याने पुष्कळ दूध लागावे, हे त्यामागील तत्त्व आहे.

आपल्याकडे या मार्गात काही अडचणी आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे कर्ज सामान्यतः सभासदासच देता येते. सबब लाभार्थ्यास प्रथम सभासद करून घ्यावे लागेल, आणि घर पतिपत्नींच्या संयुक्त नावे असल्यास पत्नीसही. दुसरी अडचण तारणाची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० मध्ये आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील घरांस मिळकत पत्रिका मिळू लागल्या, त्यामुळे ही उणीव काही अंशी दूर होते. तिसरी अडचण निधीच्या उगमाची. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा पैसा पतसंस्थेस थेट मिळणे नियमांत बसत नाही. त्यासाठी पात्र सार्वजनिक न्यासाशी सहकार्य करावे लागते.

सर्वांत गंभीर प्रश्न ठेवीदारांचा आहे. बँकांतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींस विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींस ते नाही. पतसंस्थेच्या ठेवी बहुधा एकदोन वर्षांच्या असतात. त्या १५ वर्षांच्या गृहकर्जात गुंतविल्या आणि ठेवीदार एकाएकी दारी आले, तर एकाच्या डोक्यावरील छपरासाठी दुसऱ्याची आयुष्याची पुंजी बुडेल. म्हणून पतसंस्थेने टप्प्यांमधील अल्पमुदतीचे आणि दोनतीन वर्षांचे पूरक कर्ज एवढीच आपली मर्यादा मानावी. अनुदानाचा निधी स्वतंत्र खात्यात ठेवावा. त्याची गणना नफ्यात करून लाभांश वाटणे सर्वथा गैर होय. नफ्याचा किमान चतुर्थांश राखीव निधीत टाकण्याचे कायद्याचे बंधन अशा वेळी केवळ औपचारिक राहत नाही.

सारांश, अनुदानाने भिंती उभ्या राहतात, परंतु वेळेवर छत पडते ते पतीमुळे. अनुदान संपते, नीट सांभाळलेली पत वाढत जाते. सावकाराच्या किंवा मुकादमाच्या दारी न जाता मृगापूर्वी आपले घर झाकून घेणारे कुटुंब केवळ घराचे धनी होत नाही. गावाच्या हिशेबात प्रथमच त्याची पत लिहिली जाते, आणि पुढील घराच्या कर्जास तेच जामीन राहू शकते.