लोणाडच्या डोंगरावरचा रविवार

पहाटे ५
आठवड्याचे सहा दिवस मी काल्हेरच्या एका गोदामात मालाची आवक-जावक लिहितो. आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, संपतो. त्यानंतरचा पहिला रविवार मात्र लोणाडच्या लेण्याचा. पिशवी रात्रीच भरून ठेवलेली असते. दोन खराटे, एक विळा, मऊ कुंचले, रिकाम्या गोण्या, हातमोजे, टॉर्च आणि धम्मलिपीच्या अक्षरांचा तक्ता एवढंच तिच्यात असतं. तारेचा ब्रश, साबण, खडू यांतलं काहीही घ्यायचं नाही. दीड हजार वर्षांचा दगड उत्साहाच्या भरात घासून काढला की त्याच्यावरचं नक्षीकाम कायमचं जातं. हात जोडायला आलेल्या माणसांनीच केलेलं असं नुकसान मी पाहिलं आहे.

साडेसहा
भिवंडीच्या एसटी स्थानकाबाहेर आम्ही अकरा जण जमतो. सायझिंगमधला एक भाऊ रात्रपाळी संपवून थेट आला आहे, डोळे लाल आणि केसांवर कापसाची पूड. भिवंडीतल्या यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी साचे चालूच राहतात, त्यामुळे कितीतरी जणांना इच्छा असूनही येता येत नाही. वर्षातून एक फेरी शुक्रवारी काढायची हे या वेळी नक्की ठरवलं. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत, कॉलेजातल्या दोन मुली आहेत. जयभीम झाला, चहा झाला, टेम्पो निघाला. नाशिक महामार्गावर कंटेनरची रांग लागलेली असते. आत वळलो की ती मागे पडते आणि दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात सुरू होतो.

आठ
आधी गावात थांबायचं, मगच डोंगर चढायचा, हा आमचा नियम आहे. तो आम्ही घेतला सम्राट अशोकाकडून, आणि तोही इथून जवळच्याच दगडावरून. भिवंडीला लागून असलेल्या वसई तालुक्यातल्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला. तो चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा. नववा तिथल्याच भुईगावला मिळाला १९५६ मध्ये, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली त्याच वर्षी. आठव्या लेखाचा विषयच यात्रा आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या, शिकारीच्या यात्रांना निघत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचं हेही लेखात आहे. श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांची विचारपूस करायची, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी धम्माबद्दल बोलायचं. डोंगर चढण्याला त्यात महत्त्व नाही, महत्त्व आहे माणसांना भेटण्याला.

म्हणून ओळखीच्या एका घराच्या ओटीवर आम्ही बसतो. घरातल्या म्हाताऱ्या आईंना लेणं म्हणजे खंडेश्वरी देवीचं ठिकाण. त्यांच्या सासूच्याही आधीपासून तिथे दिवा लागतो. पहिल्या वर्षी आमच्यातला एक पोरगा त्यांच्याशी वाद घालायला उठला होता, त्याला मी खाली बसवलं. हे लेणं बौद्ध भिक्खूंसाठी कोरलं गेलं, हे आम्ही ठामपणे सांगतो आणि सांगत राहणार. पण विहार ओस पडल्यावर जिथे कुणाची ये-जा राहिली, ती जागा रानाच्या घशात गेली नाही. गावाचं हे देणं मान्य करूनच आपलं म्हणणं मांडायला हवं.

साडेनऊ
चढ मोठा नाही. आजी दोनदा बसून, काठी टेकत येतात. त्यांचा हात धरायला दोन्ही मुली भांडतात. वर पोहोचल्यावर श्वास जागेवर येऊ द्यायचा, मग व्हरांड्यात त्रिसरण आणि पंचशील. ओल्या दगडावरून आवाज परत येतो आणि अकरांचे बावीस झाल्यासारखं वाटतं.

दहा ते साडेबारा
हे खरे कामाचे तास. पावसाळ्यात वाढलेलं गवत कापायचं, पण दगडाच्या भेगेत शिरलेलं मूळ ओढायचं नाही. मूळ ओढलं की त्याच्यासोबत दगडाचा पापुद्रा निघतो. ते पुरातत्त्व खात्याच्या माणसांनीच काढावं. नवरात्र नुकतंच झालेलं असतं, त्यामुळे नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीची वेष्टनं, पाण्याच्या बाटल्या. तीन गोण्या भरल्या. शिल्पांना हात लावायचा नाही. फक्त जमिनीवरची माती मऊ कुंचल्याने बाहेर ढकलायची. सायझिंगवाल्या भावाला झोपायला सांगितलं तर त्याने खराटा सोडला नाही.

साडेबारा
आता बसून पाहायचं. हे लेणं साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं. पुढे व्हरांडा, आत विहार. व्हरांड्यातल्या मोठ्या शिल्पपटात सेवकांच्या घोळक्यात बसलेला राजा दिसतो. इथल्या शिल्पांचा संबंध अभ्यासक वेस्संतर जातकाशी, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेशी जोडतात. ही कथा मी दर वेळी सांगतो. शिवी राज्याचा राजपुत्र वेस्संतर पाऊस आणणारा पांढरा हत्ती कलिंगच्या ब्राह्मणांना देऊन टाकतो. लोक चिडतात, त्याला देशाबाहेर काढतात. पत्नी मद्दी आणि जाली, कण्हाजिना या मुलांसह तो रानात राहतो. तिथे जूजक नावाचा म्हातारा येऊन मुलंच मागतो, आणि वेस्संतर तीही देतो.

इथे दर वेळी गप्पा थांबतात. या वेळी आजी म्हणाल्या, "पोरं देणाऱ्याला दानशूर म्हणायचं? त्या आईला कुणी विचारलं का?" मद्दी तेव्हा कंदमुळं आणायला रानात गेली होती. कथेत तिला खरंच कुणी विचारत नाही. मी पोथीतलं उत्तर दिलं, दानपारमितेचं, म्हणजे दानाच्या परिपूर्णतेचं. आजींना ते पटलं नाही आणि मलाही आता पूर्वीइतकं पटत नाही. शेवटी मुलं आईबापांना परत मिळतात, पण आजींचा प्रश्न त्याने सुटत नाही. कोरणाऱ्यांनाही तो पडला असेल, असं मला वाटतं.

दीड
तांदळाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, ठेचा. खाली भातखाचरं आणि त्यांच्यापलीकडे गोदामांची पत्र्याची छपरं. जुन्या काळीही हा मुलूख मालाच्या वाटेवरच होता. कल्याण आणि सोपारा ही बंदरं, तिथून घाट चढून देशावर. कान्हेरी लेण्यांतल्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं पुन्हापुन्हा येतात, कल्याणातल्या अंबालिका विहाराचाही उल्लेख आहे. टाकी, ओटे, खोल्या व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या पैशांतून झाल्या. गोदामात राबणाऱ्या माणसाला हे ऐकून ताठ बसावंसं वाटतं.

तीन
उतरून धम्मलिपीचा तक्ता काढला. ही लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये उलगडली. मुली तासाभरात आपलं नाव लिहायला शिकल्या. लोणाड परिसरात शिलाहार राजांचेही शिलालेख मिळाले आहेत, अपरादित्याचा शके ११०६ चा आणि चौधरपाड्याचा केशिदेवाचा शके ११६१ चा. अक्षरं बदलली, देव बदलले, दान देण्याची रीत टिकली.

साडेपाच
तिन्ही गोण्या टेम्पोत चढवल्या. कचरा गावात टाकायचा नाही, भिवंडीला आणायचा. निघताना त्या आई ओटीवरून म्हणाल्या, पुढच्या वर्षी लवकर या, चुलीवरचा चहा करते.

रात्री नऊ
वहीत नोंद केली: अकरा माणसं, तीन गोण्या, डाव्या कोपऱ्यात नवी भेग. भेगेचा फोटो उद्या जेवणाच्या सुट्टीत पुरातत्त्व खात्याला पाठवायचा आहे. तुम्हीही लेण्यावर गेलात की पायथ्याच्या एका घरी बसा, घरातल्या वडीलधाऱ्यांची विचारपूस करा आणि उतरताना एक गोणी भरून आणा.