हसण्याची भीती

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे धाकट्या भावाच्या अभ्यासाची जबाबदारी माझ्यावर आली. तो नववीत गेला आणि वर्गात, जेवताना, सोयाबीनच्या सोंगणीला गेल्यावर धुऱ्यावर बसल्या बसल्या झोपू लागला. गावाने त्याला ‘कुंभकर्ण’ ठरविले. मायने अंगारा लावला, बाबांनी आळशी म्हटले. मीही धपाटे घातले. पुढे त्याने मित्रांत जाणेच सोडले.

शेवटी त्याला नागपूरला नेले. तेथे रात्रभर त्याची झोप तपासली. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, असे पाच वेळा निजवून किती मिनिटांत झोप लागते ते मोजले. रोगाचे नाव निघाले नार्कोलेप्सी.

फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० साली हे नाव दिले. कारण मात्र फार उशिरा उमगले. १९९८ साली आपला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांना मेंदूतील हायपोक्रेटिन हे द्रव्य सापडले. माणसाला जागे ठेवण्याचे काम ते करते. ते तयार करणाऱ्या पेशी अशा रोग्यांत जवळजवळ नष्ट झालेल्या असतात, हे २००० साली दिसून आले. म्हणजे हा आळस नव्हे. रोग पुष्कळदा कुमारवयातच सुरू होतो.

त्याचे दुसरे लक्षण अधिक चमत्कारिक आहे. स्वप्न पडत असताना आपले शरीर सैल पडलेले असते. या रोगात तसा सैलपणा जागेपणीच येतो, आणि तोही बहुधा हसू आले असता. गुडघे वाकतात, मान लवते. शुद्ध मात्र कायम असते.

एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, “दादा, मले पोट्ट्यायचा राग नाही. ते हसवतात, अन् मी पडतो.”

तेव्हा मला उलगडा झाला. त्याला माणसे नकोशी झाली नव्हती. चारचौघांत पडण्याची लाज टाळण्यासाठी तो हसण्यापासूनच दूर पळत होता, आणि जे जिवलग तेच अधिक हसवतात!

हा रोग समूळ जात नाही. परंतु औषधांनी आणि ठरलेल्या वेळच्या डुलकीने पुष्कळ सावरतो. आता भाऊ मधल्या सुटीत वीस मिनिटे झोपतो. संध्याकाळी त्याचे दोन मित्र आमच्या ओट्यावर येतात. तो भिंतीला टेकून बसतो आणि हसतो. मान लवली तर ते गप्प थांबतात. मग गोष्ट पुढे चालू होते.

मित्रहो, वर्गात कोणी पेंगताना दिसला, तर नाव ठेवण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून विचारा. मी ते दीड वर्ष उशिरा विचारले.