फिरते म्हणून वाचते

आंबेगाव तालुक्यात ‘मोटर जळाली’ हे वाक्य पाऊसपाण्याच्या गप्पांइतकं नित्याचं आहे. मंचरशेजारचं अवसरी खुर्दही त्याला अपवाद नाही. वरच्या अंगाला घोड नदीवर डिंभे धरण आहे, शिवारात विहिरी आणि बोअर आहेत. पण पाणी खाली आणि ऊस-कांदा-बटाटा वर. एक लिटर पाणी दर सेकंदाला ३० मीटर चढवायचं, तर नुसत्या उचलण्यालाच २९४ वॉट शक्ती लागते. पूर्वी ती मोटेच्या बैलांनी दिली, पुढे ऑइल इंजिनांनी, आणि आता विजेच्या मोटरीने. याच गावात २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. तिथे फळ्यावर जी सूत्रं लिहिली जातात, त्यांची किंमत आसपासच्या विहिरींवर रोज मोजली जाते. म्हणून हा विषय इंजिनीअरांपुरता ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मोटर का जळते हे समजायचं असेल, तर ती एरवी जळत का नाही, इथून सुरुवात करावी लागते.

पाच एचपीच्या मोटरीची वाइंडिंग म्हणजे इनॅमल चढवलेली तांब्याची तार. मल्टिमीटर लावला तर रोध जेमतेम काही ओहम भरतो. चार ओहम धरले आणि ४१५ व्होल्टला भागले, तर करंट शंभर अँपियरच्या वर जायला हवा. प्रत्यक्षात चालत्या मोटरीचा करंट साडेसात-आठ अँपियर असतो. बाकीचा करंट कोण अडवतं? काही अंशी कॉइलच, कारण सतत उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाला ती विरोध करते. पण खरी राखण करतं ते रोटरचं, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचं, फिरणं. ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१८२० साली ओर्स्टेडने पाहिलं, की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. पुढच्याच वर्षी फॅरेडेने पाऱ्याच्या भांड्यात सोडलेली तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. १८३१ साली त्यानेच उलटी बाजू मांडली : चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. मधल्या काळात, १८२४ मध्ये, आरागोला दिसलं होतं की तांब्याची चकती फिरवली की वर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबं काही चुंबकाला चिकटत नाही, मग ही ओढ कुठली, हे कोडं फॅरेडेच्या शोधाने सुटलं. चकतीत प्रवाह उमटतात आणि ते सुईला खेचतात. विहिरीवरच्या मोटरीचं सारं मर्म या चकतीत आहे : उलट चुंबक फिरवला, तर चकती त्याच्यामागे ओढली जाते.

इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी १८८० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवलं, की चुंबक हाताने फिरवायची गरज नाही. ठरावीक अंतराने मागेपुढे येणारे प्रवाह वेगवेगळ्या कॉइलींत सोडले की क्षेत्र आपोआप फिरतं. १८८९ साली दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तीन फेजची मोटर घडवली, आणि आपल्या पंपांतली मोटर अजून त्याच वंशातली आहे. तिन्ही फेजच्या लाटा एकमेकींच्या मागे सेकंदाच्या दीडशेव्या भागाने येतात. दोन पोलच्या मोटरीत क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं. आत रोटर : लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, त्यात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्या, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या. बाहेरून रोटरला एकही तार जात नाही. फिरतं क्षेत्र दांड्यांना ओलांडतं, त्यांत प्रवाह उमटतो आणि रोटर क्षेत्रामागे धावतो.

तो क्षेत्राला कधीच गाठत नाही. गाठलं तर क्षेत्र दांड्यांना ओलांडणारच नाही, प्रवाह संपेल, ओढही संपेल. म्हणून ३,००० ऐवजी तो २,८८० च्या आसपास फिरतो. उभ्या रोटरच्या दांड्यांत सेकंदाला ५० आवर्तनं करणारा प्रवाह असतो. २,८८० च्या वेगावर तो अवघी दोन आवर्तनं करतो आणि लहानही होतो. रोटरमध्ये प्रवाह कमी, म्हणून लाईनमधून ओढही कमी. रोटर थांबवा, की तीच मोटर नेहमीच्या सहापट करंट खेचते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे छत्तीस पट. सुरू होतानाचे काही क्षण हे सोसवतं. मोठ्या मोटरींना तेवढ्यासाठीच स्टार-डेल्टा स्टार्टर देतात. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात आणि लाईनचा करंट एक तृतीयांश होतो. पण रोटर तसाच अडकून राहिला, तर इनॅमल करपायला फार वेळ लागत नाही.

आता शिवारातल्या तक्रारी एकेक करून पाहा. पंपात वाळू अडकली : रोटर थांबला. लाईनच्या शेवटच्या खांबावर ४१५ ऐवजी ३४० व्होल्ट आले : मोटरीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे ६७ टक्क्यांवर येते. पाण्याचा भार तेवढाच असल्याने रोटर मागे पडतो आणि करंट वाढतो. ‘व्होल्टेज कमी, मग करंटही कमी’ हा समज हीटरला लागू पडतो, मोटरीला नाही. तिसरी तक्रार सर्वांत घातक : एका फेजचा फ्यूज गेला. दोन तारांवर क्षेत्र गोल फिरत नाही, नुसतं पुढेमागे धडधडतं. चालू असलेली मोटर आपल्या वेगाच्या बळावर चालत राहते, पण शाबूत तारांवरचा करंट पावणेदोन पटीपर्यंत किंवा त्याहून वर जातो. बंद मोटर मात्र सुरूच होत नाही, फक्त गुणगुणते.

वाइंडिंगवाला कारागीर जळलेली मोटर उघडून हे सगळं वाचतो. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरी तांबूस, चकचकीत राहिली असेल, तर एक फेज गेला होता. डेल्टामध्ये उलट : एकाच फेजचा गट काळा, दोन शाबूत. सगळ्या कॉइली सारख्याच करपल्या असतील, तर अतिभार, अडकलेला पंप किंवा कमी व्होल्टेज. एकाच स्लॉटच्या तोंडाशी वितळलेला ठिपका असेल, तर इन्सुलेशनच तिथे गेलं होतं. हे निदान मला डॉक्टरच्या निदानाइतकंच मोलाचं वाटतं. मोटर भरून झाली की आधीचं कारण दूर झालं का, हे विचारायलाच हवं. नाहीतर नवं तांबंही त्याच वाटेने जातं.

पण कारणं मोटरीच्या बाहेरही असतात. शेतीची थ्री-फेज लाईट वर्षानुवर्षं पाळ्यांनी येत आली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या मुक्कामाला आहे; पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला वेगळं निवारा केंद्र आहे. अंधारात बारे द्यायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो लावतो : लाईट आली की मोटर आपोआप सुरू. त्याला यात दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

मात्र हिशोब पाहा. १०० केव्हीएची डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, साधारण १४० अँपियरपर्यंत पेलते. पाच एचपीच्या पंधरा मोटरी चालू असतील तर ११५ अँपियरच्या आसपास करंट लागतो. काही अडचण नाही. पण लाईट आली आणि पंधरा ऑटो एकाच क्षणी लागले, तर मागणी सहापट, जवळपास ७०० अँपियर. व्होल्टेज कोसळतं, म्हणून एकही मोटर झटकन वेग घेत नाही. वेग घेत नाही म्हणून करंट उतरत नाही. डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो किंवा डीपीच जाते, आणि तीन तारांतली एकच तुटली तर चालू मोटरी दोन फेजवर सापडतात.

दिवसा वीज देणं हा मुळावरचा उपाय आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच शेतीच्या फीडरला दिवसा सौरवीज पुरवणं हा आहे. ती प्रत्येक डीपीपर्यंत नीट पोचेपर्यंत दोन गोष्टी आजच करता येतात. एक, फेज गेल्यावर मोटर तोडणारा प्रिव्हेंटर आणि नेमप्लेटवरच्या अँपियरला बसवलेला ओव्हरलोड रिले. तो वरचेवर पडतो म्हणून काटा वाढवून ठेवायचा नाही. दुसरी, एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकत्र बसून ऑटोच्या टायमरला वेगवेगळा वेळ लावायचा. पहिल्याची मोटर लगेच, दुसऱ्याची वीस सेकंदांनी, तिसऱ्याची चाळीस सेकंदांनी. पाच मिनिटांच्या आत पंधराच्या पंधरा मोटरी पाणी ओढू लागतात.