जुना लॅपटॉप : दुरुस्त करावा की बदलावा?

लॅपटॉप सहसा एका दिवसात निकामी होत नाही. आधी तो सुरू होण्यास पाच-सात मिनिटे लावू लागतो, मग चार्जर काढताच बंद पडतो आणि एके दिवशी, ऐन परीक्षेच्या किंवा प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीच्या तोंडावर, पडदा काळा होतो. अशा वेळी घाईने घेतलेला निर्णय बहुधा महागात पडतो. दुकानदाराने 'आता नवीनच घ्या' म्हटले म्हणून हजारो रुपये खर्चणे जितके अयोग्य, तितकेच अखेरच्या घटका मोजणाऱ्या यंत्रावर पुनःपुन्हा पैसे ओतणेही अयोग्य. निर्णयापूर्वी नेमका बिघाड कोठे आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

आधी माहिती वाचवा

दुरुस्ती असो वा नवी खरेदी, पहिले काम एकच : छायाचित्रे, कागदपत्रे व हिशेब यांची प्रत बाहेरील डिस्कवर घेणे. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र वारंवार सुरू करून पाहू नये. त्यामुळे उरलीसुरली माहितीही हातची जाऊ शकते. नवा लॅपटॉप बाजारात मिळतो, गमावलेली छायाचित्रे मिळत नाहीत.

स्वस्तात सुटणारे बिघाड

'लॅपटॉप संथ झाला' या तक्रारीचे मूळ अनेकदा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास यंत्र सुरू होण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. रॅम चार जीबी असेल तर ती आठ जीबी केल्यानेही मोठा फरक पडतो. मात्र अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. तेथे हा मार्ग बंद असतो. त्यामुळे खर्चापूर्वी आपल्या मॉडेलची खात्री करून घ्यावी.

बॅटरी ही मुळातच झिजणारी वस्तू आहे. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारणतः ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यानंतर लक्षणीयरीत्या घटते. ती बदलणे हा नेहमीच्या देखभालीचाच भाग समजावा. पण बॅटरी फुगून कीबोर्ड किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर आगीचा धोका संभवतो. असा लॅपटॉप वापरणे व चार्ज करणे त्वरित थांबवावे. यंत्र तापून बंद पडत असेल, तर पंख्यातील धूळ काढणे व प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट बदलणे एवढ्यानेही काम भागू शकते.

पडदा काळा राहिल्यास लॅपटॉप बाहेरील मॉनिटरला किंवा टीव्हीला जोडून पाहावा. तेथे चित्र नीट दिसले, तर दोष पडद्यात अथवा त्याच्या केबलमध्ये असण्याची शक्यता अधिक. तेथेही चित्र नसेल, तर बिघाड अधिक खोलवरचा असू शकतो.

केव्हा थांबावे?

मदरबोर्ड जळणे, आत पाणी किंवा चहा सांडून सर्किट गंजणे, अथवा पडदा, बिजागरी व बॅटरी एकाच वेळी जाणे, या बाबतीत हिशेब बदलतो. दुरुस्तीचा खर्च तशाच क्षमतेच्या नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्ती टाळावी, असा ढोबळ संकेत आहे. त्याला एका प्रश्नाची जोड द्यावी : या खर्चानंतर यंत्र आणखी किती वर्षे चालेल? चार हजार रुपयांत तीन वर्षे मिळत असतील तर तो सौदा फायद्याचा. बारा हजारांत एकच वर्ष मिळणार असेल तर तोट्याचा.

सॉफ्टवेअरचे वयही महत्त्वाचे

सुस्थितीतील यंत्रही सॉफ्टवेअरमुळे जुने ठरते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा सुधारणांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते, तर इंटेलचे प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे असावे लागतात. या अटीत न बसणाऱ्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे आहे. मात्र लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी विनामूल्य प्रणाली टाकल्यास लेखन, इंटरनेट व मुलांचा अभ्यास यांसाठी तो आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो.

दुरुस्तीला देताना

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातील तपकीर गल्ली, काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाच्या हमीसह पक्के बिल घ्यावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळावर अनेक कंपन्यांच्या दुरुस्ती व सुट्या भागांविषयीची माहिती एकत्र देण्यात आली आहे.

लॅपटॉप टाकून देण्याचेच ठरल्यास तो भंगारात देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी किंवा तिच्यावरील माहिती पूर्णपणे पुसावी. फाइल केवळ 'डिलीट' केल्याने ती नष्ट होत नाही, हे ध्यानात ठेवावे.