जातीवरून ऑनलाइन टोमणे : कायदा काय म्हणतो?

'नीट'चा निकाल लागला की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आडनावं चाळली जातात. 'कोट्यातली' असं स्टिकर पडतं, खाली हसऱ्या इमोजींची रांग. याला गंमत म्हणून सोडून देऊ नका. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हा १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. इंटरनेटवरचा मजकूरही त्यात येऊ शकतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. (बंद ग्रुपबाबत वकील वाद घालणारच!) मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' होण्याआधी नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक मात्र मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. मुलांनी १०९८ हा बाल हेल्पलाइनचा क्रमांक फिरवावा. तो मोफत असून चोवीस तास चालू असतो.