वरच्या आकड्याची उपेक्षा

वरचं बीपी १७०, खालचं ७०. ‘वय झालं की एवढं असायचंच’ हे त्यावरचं उत्तर घरोघरी ऐकू येई, आणि बराच काळ डॉक्टरही तेच सांगत. धमन्यांच्या ताठरपणाच्या अभ्यासाचा मागोवा घेतला, की या समजुतीपायी किती दशकं वाया गेली ते कळतं.

सुरुवात आश्वासक होती. १८६० मध्ये फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यांनी नाडीची लाट कागदावर उमटवणारं यंत्र तयार केलं. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शिकत असतानाच फ्रेडरिक अकबर महोमेद यांनी त्यात सुधारणा केली आणि १८७२ पासून त्यावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या साके दीन महोमेद यांचे हे नातू. वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांतही धमन्यांतला दाब वाढलेला असतो, हे त्यांनी त्या लाटेच्या आकारावरून ओळखलं. १८८४ मध्ये विषमज्वराने, अवघ्या ३५व्या वर्षी ते गेले. १८७८ मध्ये मोएन्स आणि कोर्तेवेख या डच संशोधकांनी गणित मांडलं होतं: धमनीची भिंत जितकी ताठर, तितकी नाडीची लाट वेगवान.

मग १८९६ मध्ये रिवा-रोची यांचा दंडाला बांधायचा पट्टा आला आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपने दाब ऐकण्याची रीत दिली. हे साधन सोपं होतं, त्याने असंख्य जीव वाचवले. पण लाटेचा आकार मागे पडून दोन आकडे उरले, आणि त्यातही भरवसा खालच्यावर ठेवला गेला.

खरं तर महाधमनीतले लवचीक तंतू झिजले, की दोन्ही आकडे एकमेकांपासून दूर जातात. शरीराच्या टोकाकडून परतणारी लाट हृदय आकुंचन पावत असतानाच येऊन धडकते, त्यामुळे वरचा दाब वाढतो आणि हृदयाचे श्रमही. खालचा, म्हणजे हृदय शिथिल असतानाचा, दाब उतरतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला कोरोनरी धमन्यांतून रक्त मुख्यतः हृदय शिथिल असतानाच मिळतं. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. धमनीत आधीच चरबीचे थर असतील, तर हा पेच जिवावर बेततो.

वरच्या आकड्याला न्याय मिळायला १९९१ उजाडलं. अमेरिकेतल्या ‘शेप’ चाचणीत, फक्त वरचा दाब वाढलेल्या साठीपुढच्या रुग्णांना औषधं दिली, तेव्हा पक्षाघात ३६ टक्क्यांनी आणि हृदयविकाराच्या गंभीर घटना २७ टक्क्यांनी घटल्या. १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम गावातल्या अभ्यासाने दोन आकड्यांमधल्या अंतराचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. २०१० मध्ये सतरा अभ्यास एकत्र तपासले गेले: महाधमनीतल्या लाटेचा वेग सेकंदाला एक मीटरने वाढला, की हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो.

ताठरपणा म्हणजे ब्लॉकेज नव्हे. एक झीज भिंतीच्या मधल्या थरातली, दुसरा साठा आतल्या थरातला. पण वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, मूत्रपिंडाचे विकार ही दोन्हींची सामाईक कारणं. लाटेचा वेग मोजणारं यंत्र आजही सगळीकडे नसतं. दोन आकडे मात्र प्रत्येक चिठ्ठीवर असतात. उतारवयात त्यांच्यातलं अंतर साठच्या पुढे गेलं असेल, तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांशी बोलावं. महोमेद यांनी दाखवलेलं इतक्या उशिरा मान्य झालं. निदान आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तरी तो उशीर नको.